नाशिक परिसराची ज्वालामुखीय जडणघडण

नाशिक परिसराची ज्वालामुखीय जडणघडण म्हणजे महाराष्ट्रातील नाशिक जिल्हा व त्याच्या आसपासचा डोंगराळ प्रदेश ज्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे, त्यांची निर्मिती आणि रचना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तप्त लाव्हा वारंवार बाहेर पडला, दूरवर पसरला आणि थंड होऊन त्याचे काळ्या खडकात रूपांतर झाले. अशा थरांवर थर साचून तयार झालेल्या खडकांच्या समूहास दख्खन ट्रॅप असे म्हणतात. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंगी, साल्हेर आणि कळसूबाई हे डोंगर याच खडकांचे आहेत. नाशिक जिल्ह्यात आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. मात्र ज्वालामुखीचा उद्रेक कसा होतो, हे समजून घेण्यासाठी लागणारे बहुतेक पुरावे येथील कातळात उघड्यावर पाहता येतात.

ज्वालामुखी म्हणजे काय

पृथ्वीच्या पोटातील वितळलेला खडक, वायू आणि राख ज्या छिद्रातून किंवा भेगेतून पृष्ठभागावर येतात, त्यास ज्वालामुखी म्हणतात. वितळलेला खडक जमिनीखाली असतो तेव्हा त्यास शिलारस, तर जमिनीवर आल्यानंतर लाव्हा असे म्हणतात. पदार्थ मुळात एकच असतो, परंतु वर येताना त्यातील बराचसा वायू निघून जातो.

पृथ्वीची रचना थरांची आहे. सर्वांत बाहेरच्या थरास भूकवच म्हणतात. खंडांखाली त्याची सरासरी जाडी ३५ ते ४० किलोमीटर असते. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आणि त्याच्या आत गाभा असतो. प्रावरण अतिशय तप्त असले तरी ते द्रवरूप नाही. वरील खडकांच्या प्रचंड दाबामुळे ते बहुतांशी घनरूपच राहते. भूकवचाखाली सर्वत्र लाव्हाचा समुद्र आहे, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

खडक कसा वितळतो

घनरूप प्रावरणातून शिलारस कसा तयार होतो, हे प्रेशर कुकरच्या उदाहरणाने समजू शकते. कुकरमध्ये दाब जास्त असल्यामुळे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही, त्यासाठी अधिक तापमान लागते. दाब कमी झाला की तेच तापलेले पाणी जोराने उकळू लागते. खडकांच्या बाबतीतही दाब वाढला की वितळण्याचे तापमान वाढते आणि दाब उतरला की ते कमी होते.

प्रावरणातील एखादा अधिक तप्त भाग अतिशय मंद गतीने वर सरकू लागला, तर त्यावरील दाब हळूहळू कमी होतो. एका ठरावीक खोलीवर आल्यानंतर नव्याने उष्णता न मिळताही त्या खडकाचा काही अंश वितळतो. अशा प्रकारे तयार झालेला शिलारस भोवतालच्या खडकांपेक्षा हलका असतो. त्यामुळे पाण्यात सोडलेले तेल जसे वर येते, तसा तो वाट मिळेल तेथून वर चढतो आणि काही काळ भूकवचात साठून राहतो. या साठ्यास शिलारस कोठी म्हणतात.

उद्रेक कशामुळे होतो

शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू विरघळलेले असतात. खोलवर दाब जास्त असल्याने ते विरघळलेल्या स्थितीतच राहतात. शिलारस वर आला की दाब उतरतो आणि वायूचे बुडबुडे तयार होऊ लागतात. सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडताच जसा फेस वर येतो, तशीच ही क्रिया असते. बुडबुडे वाढले की शिलारसाचे आकारमान वाढते, तो आणखी हलका होतो आणि भेगा रुंदावत पृष्ठभाग गाठतो.

उद्रेक शांत होणार की स्फोटक, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते: शिलारसाचा दाटपणा आणि त्यातील वायूचे प्रमाण. शिलारसात सिलिका या घटकाचे प्रमाण जास्त असेल, तर तो थंड काकवीसारखा दाट असतो. त्यात अडकलेल्या बुडबुड्यांना बाहेर पडता येत नाही. दाब साठत जातो आणि शेवटी स्फोट होऊन राख, दगड व वायू आकाशात फेकले जातात. इ.स. ७९ मधील इटलीतील व्हेसुव्हियस, १८८३ मधील इंडोनेशियातील क्राकाटोआ आणि १९८० मधील अमेरिकेतील सेंट हेलेन्स हे स्फोटक उद्रेक प्रसिद्ध आहेत.

याउलट सिलिकेचे प्रमाण कमी असलेला शिलारस गरम काकवीसारखा पातळ असतो. त्यातील वायू सहज निघून जातो आणि लाव्हा कारंज्यांच्या रूपाने बाहेर पडून ओढ्यासारखा वाहू लागतो. अशा लाव्हाचे तापमान साधारणपणे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते. तो थंड झाल्यावर बेसाल्ट हा काळा, जड आणि बारीक कणांचा खडक तयार होतो. हवाई बेटांवरील उद्रेक प्रामुख्याने याच प्रकारचे आहेत. नाशिकचा काळा पाषाण म्हणजे हाच बेसाल्ट होय.

भेगांमधून झालेले उद्रेक

चित्रांमध्ये ज्वालामुखी बहुधा शंकूच्या आकाराचा आणि माथ्यावर खड्डा असलेला दाखवतात. परंतु प्रत्येक उद्रेकातून असा पर्वत तयार होत नाही. काही ठिकाणी जमिनीला अनेक किलोमीटर लांबीची भेग पडते आणि तिच्यातून लाव्हा वर येतो. लाव्हा पातळ असल्याने तो एका जागी साचून उंच शंकू बनत नाही, तर सखल भाग भरत दूरवर पसरतो.

आधुनिक काळातील याचे ठळक उदाहरण आइसलँडमधील लाकी येथील आहे. तेथे १७८३ मध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून उद्रेक सुरू झाला आणि तो आठ महिने चालला. त्यातून सुमारे १४ ते १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. लाव्हापेक्षाही त्यासोबतच्या विषारी वायूंनी अधिक हानी केली. कुरणे दूषित होऊन गुरे-मेंढ्या मोठ्या प्रमाणावर दगावल्या आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात आइसलँडची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली.

दख्खनमधील उद्रेक याच प्रकारचे, परंतु त्याहून कितीतरी मोठे होते. त्यांतून निर्माण झालेले खडक आज महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक आणि तेलंगण या राज्यांच्या सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर आढळतात. झीज होण्यापूर्वी हे क्षेत्र बरेच मोठे असावे. पश्चिम घाटात या थरांची एकत्रित जाडी सुमारे २ किलोमीटर किंवा त्याहून अधिक भरते. बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या कालावधीत बाहेर पडला. उद्रेक सलग चालू नव्हते. दोन उद्रेकांमध्ये शेकडो ते हजारो वर्षांची शांतता असे आणि त्या काळात थंड झालेल्या खडकांवर माती तयार होऊन वनस्पती व प्राणी पुन्हा वस्ती करत.

या उद्रेकांचे मूळ हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आज असलेल्या तप्त स्थानाशी जोडले जाते. त्या काळी भारताचा भूपट्ट या स्थानावरून वेगाने उत्तरेकडे सरकत होता. भूपट्ट पुढे निघून गेला, तप्त स्थान मागे राहिले. रियुनियन बेटावरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागृत आहे.

नाशिक परिसरातील पुरावे

लाव्हाचे थर

पश्चिम घाटातील लाव्हाच्या थरांचे त्यांच्या रासायनिक घडणीवरून व क्रमावरून गट पाडण्यात आले आहेत. सर्वांत खालच्या गटास कळसूबाई शिखरावरून कळसूबाई उपगट हे नाव मिळाले. त्यातील एका शैलसमूहास नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीवरून इगतपुरी शैलसमूह असे नाव आहे. त्यावर लोणावळा आणि वाई हे उपगट येतात. लाव्हाचे थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्याने नाशिक परिसरात तुलनेने जुने, तर महाबळेश्वरकडे तुलनेने नवे थर पाहावयास मिळतात.

नाशिक परिसरातील अनेक थर एकसंध नसून लहान-मोठ्या लाव्हाजिभा एकमेकींवर साचून बनलेले आहेत. पातळ लाव्हाचा पृष्ठभाग हवेच्या संपर्काने लवकर थंड होऊन त्यावर साय धरल्यासारखे कवच येते. आत मात्र लाव्हा वाहतच राहतो आणि तव्यावरची भाकरी फुगावी तसे ते कवच वर उचलले जाते. कवच एखाद्या ठिकाणी फुटले की तेथून नवी जीभ बाहेर पडते. आतील लाव्हा कवचामुळे उबदार राहत असल्यामुळे तो फार दूरपर्यंत पोहोचू शकतो. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे गोदावरीच्या काठी आढळणारे बेसाल्टचे थर रासायनिक दृष्ट्या पश्चिम घाटातील थरांशी जुळतात. त्यामुळे तो लाव्हा प्राचीन नदीखोऱ्यांतून सुमारे १,००० किलोमीटर वाहत तेथे पोहोचला असावा, असे मानले जाते.

तांबडे पट्टे

घाटरस्त्यांच्या कडेला उघड्या पडलेल्या कातळात काळ्या थरांच्या मधे तांबड्या, भुसभुशीत मातीसारखे पट्टे दिसतात. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात खालच्या थराचा माथा ऊन-पावसाने झिजून, तसेच त्यावर साचलेल्या बारीक ज्वालामुखीय पदार्थांत बदल होऊन हे पट्टे तयार झाले. खडकातील लोहाचे गंज चढल्यासारखे रूपांतर झाल्याने त्यांना तांबडा रंग येतो. वरून आलेल्या पुढच्या लाव्हाने ते झाकले गेले. असा प्रत्येक पट्टा म्हणजे उद्रेक काही काळ थांबला होता याची खूण आहे.

कातळभिंती

लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्यातील काही भेगांमध्ये शिलारस तसाच थिजून राहिला. भोवतालचा खडक झिजल्यानंतर असा थिजलेला भाग भिंतीसारखा उभा राहतो. भूशास्त्रात त्यास भित्ती किंवा डाइक म्हणतात. नाशिक ते पुणे या पट्ट्यात अशा अनेक भित्ती आढळल्या असून त्यांपैकी काहींचा संबंध दक्षिणेकडील वरच्या थरांशी जुळतो. सातमाळा रांगेतील धोडप किल्ल्याच्या माथ्यालगतची, मधे खाच पडलेली कातळभिंत दुर्गप्रेमींच्या परिचयाची आहे.

पोकळ्या आणि स्फटिक

लाव्हा थिजताना बाहेर पडू न शकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे त्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपले आणि पोकळ्यांच्या आतल्या बाजूस स्फटिक वाढले. गारगोटी, ॲगेट, कॅल्साइट तसेच झिओलाइट गटातील स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट ही खनिजे आणि त्यांच्यासोबत आढळणारे ॲपोफिलाइट येथे मिळते. नाशिक येथील पांडवलेणी परिसरातील खाणीतून मिळालेले स्फटिक जगभरातील खनिजसंग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे नमुने मांडलेले आहेत.

डोंगर कसे घडले

नाशिकचे डोंगर उद्रेकाच्या वेळी डोंगर म्हणून निर्माण झाले नाहीत. लाव्हाने आधी विस्तीर्ण आणि जवळजवळ सपाट असे पठार तयार केले. त्यानंतर कोट्यवधी वर्षे पाऊस, नद्या आणि ऊन यांनी ते कोरून काढले. दगडातून शिल्पकार जसा नको असलेला भाग काढून टाकतो, तशी ही क्रिया आहे. डोंगर म्हणजे झिजून जाता उरलेला भाग होय.

घट्ट बेसाल्टचे थर झिजेला अधिक काळ टिकतात आणि उभे कडे बनवतात. पोकळ्यांचे थर व तांबडे पट्टे लवकर झिजून उतार बनवतात. त्यामुळे डोंगरांच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. ‘ट्रॅप’ ही संज्ञा पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आली आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) हे नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, तर राज्यातील सर्वांत उंच किल्ला साल्हेर (१,५६७ मीटर) बागलाण तालुक्यात आहे. सपाट माथा आणि भोवती ताशीव कडे अशी नैसर्गिक तटबंदी लाभल्यामुळे या भागात डोंगरी किल्ल्यांची दाट साखळी उभी राहिली.

सजीवसृष्टीवरील परिणाम

दख्खनमधील उद्रेकांचा काळ हा पृथ्वीवरील डायनासोर नष्ट होण्याच्या काळाशी मिळताजुळता आहे. उद्रेकांतून बाहेर पडलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे काही काळ थंडी व आम्लवर्षा, तर कार्बन डायऑक्साइडमुळे दीर्घकालीन उष्णता वाढली असावी. त्याच सुमारास मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे मोठा लघुग्रह आदळला. बहुतेक शास्त्रज्ञ सामूहिक विनाशाचे प्रमुख कारण म्हणून या आघाताकडे पाहतात. उद्रेकांचा वाटा नेमका किती होता, याविषयी मतभेद आहेत. उद्रेकांच्या मधल्या शांत काळात सजीव टिकून होते, हे थरांमधील गाळात सापडणाऱ्या जीवाश्मांवरून दिसते. मुंबईत लाव्हाच्या थरांमधील गाळात त्या काळातील बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत.

जनजीवनाशी संबंध

पाणी

इगतपुरी तालुक्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांतील अनेक वाड्या-पाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. याचे एक प्रमुख कारण जमिनीखालील खडकात आहे. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी मुरण्यास जागा नसते. पाणी साठते ते केवळ भेगांमध्ये, झिजलेल्या मुरुमात आणि एकमेकींना जोडलेल्या पोकळ्यांमध्ये. पोकळ्या स्फटिकांनी भरून गेल्या असतील, तर तीही जागा कमी होते. तीव्र उतारावरून पावसाचे पाणी वाहून जाते आणि थोडेफार मुरलेले पाणी झऱ्यांवाटे काही महिन्यांत निघून जाते. पाण्याचा झिरपा तांबड्या पट्ट्याशी किंवा घट्ट थराशी अडला, तर तो कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. विहीर किंवा बंधारा कोठे उपयोगी ठरेल, हे त्यामुळे थरांच्या क्रमावर अवलंबून असते. अवघ्या काही मीटर अंतरावरील दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी असणे यामुळेच शक्य होते.

शेती

बेसाल्टची झीज होऊन काळी कसदार माती तयार होते. ती ओलावा धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. निफाड, येवला, मालेगाव या पूर्वेकडील तालुक्यांत ती अधिक आढळते. पश्चिमेकडील अतिपावसाच्या डोंगराळ भागात मातीचा थर पातळ असून तिचा रंग तांबूस असतो.

लेणी आणि मंदिरे

नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. या २४ लेण्यांचे खोदकाम साधारणपणे इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून सुरू झाले. त्यांतील शिलालेखांमध्ये क्षहरात नहपानाच्या कुटुंबीयांची दाने आणि सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिने लिहविलेली गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती यांचा समावेश होतो. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर, त्र्यंबकेश्वर मंदिर आणि नाशिकचे काळाराम मंदिर यांच्या बांधकामातही काळा पाषाण वापरला आहे.

बेसाल्ट हा आजही रस्ते व इमारतींसाठी लागणाऱ्या खडीचा मुख्य स्रोत आहे. शहराच्या वाढीबरोबर दगडखाणींची मागणी वाढली असून डोंगरांचे कडे आणि पायथे त्यासाठी फोडले जातात. एकदा फोडलेला डोंगर पुन्हा तयार होत नाही, कारण ज्या क्रियेने तो घडला ती या भागात संपलेली आहे. डोंगरासोबत त्याच्या पोटातून येणारे झरेही नाहीसे होऊ शकतात.

प्रचलित गैरसमज

नाशिकमध्ये पुन्हा ज्वालामुखी फुटेल काय? भूपट्ट मूळ तप्त स्थानापासून हजारो किलोमीटर दूर सरकला असल्याने तशी शक्यता दिसत नाही. भारतातील एकमेव निश्चित जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये त्याचा पुन्हा उद्रेक झाला.

शंकूच्या आकाराचा डोंगर म्हणजे मृत ज्वालामुखी काय? तसे असेलच असे नाही. नाशिक परिसरातील सुळके व शंकू झिजेमुळे तयार झाले आहेत. त्यांच्या बाजूंना दिसणारे आडवे थर हा त्याचा पुरावा आहे.

भूकंपाचे धक्के ही उद्रेकाची सूचना असते काय? दिंडोरी, पेठ, कळवण या भागांत अधूनमधून सौम्य धक्के जाणवतात. ते खडकांतील भेगांवर साठलेला ताण मोकळा झाल्याने बसतात. त्यांचा शिलारसाशी संबंध नसतो.

लोणार सरोवर हे ज्वालामुखीचे मुख आहे काय? बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्टमध्ये असले तरी ते उल्कापाताने निर्माण झाले आहे.

उन्हवरे किंवा वज्रेश्वरीसारखे गरम पाण्याचे झरे ज्वालामुखीमुळे आहेत काय? कोकणातील हे पाणी भेगांमधून खोलवर जाते, तेथील नैसर्गिक उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. त्यासाठी ज्वालामुखी असावा लागत नाही.

शालेय प्रयोग

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत मातीचा शंकू करून त्यात खाण्याचा सोडा व व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून ‘ज्वालामुखी’ दाखवला जातो. यात सोडा आणि आम्ल यांच्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो व फेस उसळतो. वायूमुळे द्रव वर ढकलला जातो, हे तत्त्व या प्रयोगातून योग्य रीतीने समजते. मात्र खऱ्या ज्वालामुखीत अशी अभिक्रिया होत नाही. तेथे आधीपासून विरघळलेला वायू दाब उतरल्यामुळे मोकळा होतो. दख्खनमधील उद्रेक दाखवायचे असल्यास शंकूऐवजी सपाट मातीत लांब चीर पाडून तिच्यातून रंगीत, पातळ पीठ सोडणे अधिक योग्य ठरते. एक थर वाळल्यानंतर दुसरा सोडला आणि शेवटी त्यावर झारीने पाणी ओतले, तर थर साचणे आणि झिजून डोंगर उरणे या दोन्ही क्रिया लक्षात येतात.

हेही पहा

दख्खनचे पठार
बेसाल्ट
सह्याद्री
कळसूबाई शिखर
पांडवलेणी
लोणार सरोवर
बॅरन बेट